मुलांना घेऊन राणीच्या बागेत: पेंग्विनच्या काचेपुढची रांग

मुंबईत मुलांना फिरवायला न्यायचं ठरलं की घरोघरी एक यादी तयार होते. सकाळी राणीची बाग, दुपारी म्युझियम, संध्याकाळी गेटवे आणि जमलं तर चौपाटी. ही यादी मोठ्यांच्या हौसेची असते. सहा-सात वर्षांचं मूल दिवसाकाठी फार तर तीन-साडेतीन तास मन लावून काही बघतं. त्यानंतर ते नुसतं हाताला धरून ओढलं जातं आणि मग रडतं. म्हणून यंदाच्या मुंबई फेरीत आम्ही एका दिवशी एकच ठिकाण ठेवलं: राणीची बाग, नेहरू विज्ञान केंद्र, घारापुरी. तरी हे लिहितेय ते मुख्यतः राणीच्या बागेसाठी, कारण रविवारी तिथे पेंग्विनच्या काचेपुढे जे पाहिलं ते अजून मनातून जात नाही.

आधी जाण्याचं बघू. राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. बुधवारी सणाची सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा सुट्टीच्या आठवड्यात गुरुवारही तपासून घ्यावा. मध्य रेल्वेने येणाऱ्यांना भायखळा सोपं. स्लो आणि फास्ट दोन्ही गाड्या थांबतात, पूर्वेला बाहेर पडून दहा-बारा मिनिटं चाललं की गेट. खरी अडचण रविवारच्या मेगाब्लॉकची, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी काही तास मार्ग बंद ठेवतात त्याची. साधारण सकाळी अकराच्या सुमारास ब्लॉक सुरू होतो आणि दुपारी चारपर्यंत चालतो. त्या वेळात स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवतात, मधली काही स्टेशनं गाळतात, आणि उशिरा आलेल्या प्रत्येक गाडीला दुप्पट गर्दी असते. ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते रेल्वे आदल्या दिवशी जाहीर करते. ते वाचून, साडेआठच्या आसपासची गाडी धरून, ब्लॉकच्या आधीच बागेत पोचावं.

पश्चिम रेल्वेवरून येणारे बहुतेक जण दादरला गाडी बदलतात. एकट्याने ठीक आहे. दोन मुलं, एक पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन दादरचा पूल चढायचा म्हणजे सहलीची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. त्यापेक्षा महालक्ष्मीला उतरून ‘सात रस्ता’ चौकातून काळी-पिवळी टॅक्सी करावी. अंतर थोडं आहे, टॅक्सी मीटरने जाते आणि चौघांत भाडं जाणवत नाही. उपनगरातून येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, शहर भागात रिक्षा नाहीत, त्यामुळे बाहेर पडून रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नये.

लोकलमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचा एक क्रम असतो आणि तो घरूनच ठरवून निघावं. उतरताना एक मोठं माणूस आधी फलाटावर, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. दोघं मोठे आधी उतरले आणि मूल दारात राहिलं, असं होता कामा नये. गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. मुलाचा हात मनगटापाशी धरावा, बोटं घामाने निसटतात. फलाट आणि डब्याच्या मधली फट काही ठिकाणी मुलाच्या पावलापेक्षा रुंद असते, तिथे लहानग्याला उचलूनच घ्यावं. मुलाची घडीची बाबागाडी नेणार असाल तर ती स्टेशनबाहेरच मिटवावी. कडेवरची झोळी त्याहून कितीतरी बरी.

आता पेंग्विन. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले, २०१७ पासून लोकांना दाखवायला लागले आणि पुढे इथेच त्यांना पिल्लंही झाली. दालनात शिरलं की बाहेरचा उकाडा दारातच राहतो. आत पक्ष्यांसाठी सोळा ते अठरा अंश तापमान राखलेलं असतं. काचेमागे खडक आणि खडकांपुढे पाणी. काच पाण्याच्या पातळीखालपर्यंत असल्यामुळे पेंग्विन पोहताना आडवा, जवळून दिसतो. म्हणजे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर जे हवं तेच तिथे आहे. आणि रविवारी नेमकं तेच मुलांना बघायला मिळत नाही.

रांग काचेला समांतर सरकते. पहिल्या ओळीत मोबाइल धरलेले हात, त्यांच्या मागे खांद्यावर घेतलेली मुलं, आणि सगळ्यांच्या मागे, कमरेच्या उंचीवर, स्वतःच्या पायांवर उभी असलेली मुलं, ज्यांना पुढच्यांच्या पाठींशिवाय काही दिसत नाही. रखवालदार सारखा ‘चला, पुढे चला’ करतो. त्याचा इलाज नाही, मागे रांग बाहेरपर्यंत गेलेली असते. एका मुलीने आईला विचारलं, ‘आई, बर्फ कुठाय?’ आईचं उत्तर यायच्या आत फोटोसाठी तिला वळवून काचेकडे पाठ करून उभं केलं. फोटो झाला, रांग सरकली, ती मुलगी बाहेर आली. पेंग्विन तिने पाहिला तो आईच्या मोबाइलमध्ये. तिचा प्रश्न फार चांगला होता आणि त्याचं उत्तर काचेच्या पलीकडे उभं होतं, याचं वाईट वाटतं.

कारण हम्बोल्ट पेंग्विनला बर्फ लागतच नाही. हा पक्षी दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिलीत राहतो. किनारा कोरडा, वाळवंटी, पण समुद्रातला हम्बोल्ट प्रवाह थंड असतो आणि त्यात मासे भरपूर असतात. त्याला हवं ते थंड पाणी. हे एवढं सांगितलं तरी मूल पुढची पाच मिनिटं पाण्याकडे बघत राहतं. मग आणखी दाखवण्यासारखं खूप आहे. छातीवर काळा पट्टा आहे आणि त्याच्या आसपास काळे ठिपके. प्रत्येक पक्ष्याचे ठिपके वेगळे. मुलाला एक पक्षी निवडायला सांगावा आणि ठिपक्यांवरून पुन्हा शोधायला लावावा. पोहताना पाय हलतात का ते बघायला सांगावं. हलत नाहीत; पंख वल्ह्यासारखे चालतात, पाय आणि शेपूट दिशा वळवण्यापुरते. चोच शेपटीच्या मुळाशी नेऊन मग अंगावर फिरवणारा पक्षी तेलाचा थर लावत असतो, त्यामुळे पिसं भिजत नाहीत. आणि एखादा पक्षी पाण्यापासून दूर, फाटक्या पिसांत गप्प उभा असेल तर तो आजारी आहे असं समजून हळहळू नये. वर्षातून एकदा पेंग्विनची सगळी पिसं एकदम बदलतात आणि नवी येईपर्यंत दोन-तीन आठवडे तो पाण्यात उतरत नाही.

एवढं सगळं बघायला दहा मिनिटं पुरतात, पण ती दहा मिनिटं सलग मिळायला हवीत. त्याचा उपाय वेळेचा आहे. साडेनऊला गेट उघडतं. तिकीट काउंटरवर रांग लावण्याऐवजी आधीच ऑनलाइन काढावं. आईवडील आणि दोन मुलं मिळून कुटुंबाचं एक तिकीट असतं, ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. आत शिरल्यावर वाटेत कुठेही न रेंगाळता थेट पेंग्विनकडे जावं. पहिल्या पाऊण तासात दालन त्या मानाने रिकामं असतं. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम, मे महिना आणि दिवाळीची सुट्टी तर टाळावीच. काचेवर टकटक करू देऊ नये, फ्लॅश बंद ठेवावा. फोटो काढायचाच असेल तर मुलाच्या मागे उभं राहून काढावा, म्हणजे मुलाचं तोंड पक्ष्याकडे राहतं. व्यवस्थापनाने रोज सकाळचा पहिला अर्धा तास फक्त मुलांच्या उंचीच्या रांगेसाठी ठेवला, मोठ्यांना मागच्या ओळीत उभं केलं, तर काहीही न बांधता हे दालन दुप्पट चांगलं होईल, असं मला कळकळीने वाटतं.

पेंग्विन झाले की घाई संपते. वाघ, अस्वल यांच्या पिंजऱ्यांपुढे दुपारी बाराला जाण्यात अर्थ नाही, ते सावलीत झोपलेले असतात. अकराच्या आत जावं. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीदार दालनातून माणसांनी चालत जायचं असतं, तिथे मुलं आपोआप हळू चालतात.

पण या बागेतली झाडं लोक पूर्णपणे विसरतात, आणि बाग मुळात झाडांचीच आहे. १८६२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि तेव्हापासून इथे देशोदेशीची झाडं लावली गेली. गोरखचिंचेचं खोड मुलांनी हात धरून मोजावं, किती जण लागतात ते. कैलासपतीची फुलं फांद्यांच्या टोकांना येत नाहीत, थेट खोडातून फुटतात, म्हणून ती मुलांच्या अगदी तोंडासमोर असतात. पाकळी अलगद बाजूला केली की आत पिंडीवर नागफणा धरल्यासारखा आकार दिसतो. खाली पडलेलं फूल घ्यावं, तोडू नये. त्याची तोफगोळ्याएवढी फळंही खोडालाच लटकलेली असतात. झाडाखाली मुलांना बसवू नये, फळ जड असतं, आणि फुटलं तर वास फार वाईट येतो.

त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं. तेही बुधवारी बंद. मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे धंदे, पगड्या मांडलेल्या आहेत. मुलांना अर्ध्या तासापलीकडे तिथे ठेवू नये, पण तो अर्धा तास सोडूही नये. परिसरात दोन गोष्टी आवर्जून दाखवाव्यात. एक, घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा. फोर्टमधल्या काळा घोडा भागाला ज्यावरून नाव पडलं तो हाच. १९६५ मध्ये तो इथे हलवला. दुसरी, संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती. हा घारापुरीच्या बेटावरचा. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायला उचलला, क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. सांधे अजून दिसतात, मुलांना ते शोधायला लावलं की हत्तीभोवती चार चकरा सहज होतात.

मुलं हरवण्याची भीती रास्त आहे. सकाळी निघताना बॉलपेनने मुलाच्या हातावर आतल्या बाजूला दोन मोबाइल नंबर लिहावेत. एकच लिहिला आणि तोच बंद पडला तर उपयोग नाही. त्या दिवशीचा मुलाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा, म्हणजे कपड्यांचं वर्णन करत बसावं लागत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ आणि रेल्वेचा १३९ मोठ्या मुलांना पाठ असावा. पाणी प्रत्येक मुलामागे किमान एक लिटर, घरच्या बाटलीत. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊच नयेत. आणि मुलाने मागितल्यावर स्वच्छतागृह शोधायला निघू नये, जिथे बरं दिसेल तिथे आधीच नेऊन आणावं.

नेहरू विज्ञान केंद्राचा दिवस सुखाचा गेला. भुयारी मेट्रोला आता ‘सायन्स सेंटर’ नावाचं स्टेशनच आहे, लिफ्टमुळे लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांची मोठी सोय झाली. हिवाळ्यात सकाळी शाळांच्या सहली असतात, प्रत्येक कळ दाबायला दहा हात पुढे; दुपारी दोननंतर बसेस निघून जातात आणि मग मुलांना एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो. बाहेरच्या विज्ञान उद्यानात ऊन फार लागतं, ते चारनंतरसाठी राखावं.

घारापुरीला सोमवारी लेणी बंद. गेटवेहून बोटीला तासभर लागतो, उतरल्यावर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. वर माकडं आहेत आणि ती हातातली बाटलीसुद्धा हिसकावतात, खाऊ पिशवीतच ठेवावा. डिसेंबर २०२४ मधल्या बोटीच्या अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, पण मुलाला मोठ्यांचं जॅकेट चढवून उपयोग नाही. तपासायची रीत सोपी आहे: पट्टे आवळून मुलाला दोन्ही हात वर करायला सांगावं आणि जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढावं. ते हनुवटीवरून नाकापर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात डोक्यातून निघून जाईल. बोट सुटण्याआधी मुलांच्या मापाचं मागून घ्यावं. दोनदा मागावं लागलं तरी मागावं. परतीला दोनच्या आसपासची बोट धरली तर साडेतीनपर्यंत सीएसएमटीला पोचता येतं. ऑफिस सुटायच्या आधीची गाडी, तीही तिथूनच सुटणारी, त्यामुळे खिडकीशी जागा मिळते.