बुद्ध सर्किटवर सुपरकार: तीन लॅप, त्यातला एकच खरा

आधी हिशेब मांडतो, मग बाकीचं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एका आयोजकाच्या 'सुपरकार स्वतः चालवा' कार्यक्रमाला जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन आलो. लॅम्बोर्गिनी हुराकानचे तीन लॅप, जाहिरातीत २४,९०० रुपये. जीएसटीसकट २९,३८२. तिथे पोचल्यावर 'डॅमेज कव्हर'चे ४,१३०. व्हिडिओचे २,९५०. एकूण ३६,४६२. सर्किटचा एक फेरा ५.१२५ किलोमीटरचा, म्हणजे तीन लॅपचे साडेपंधरा किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. किलोमीटरला साधारण २,३७० रुपये पडले. आमच्या पिंपरी-चिंचवडचे रिक्षावाले उगाच बदनाम आहेत. विमानाचं तिकीट यात धरलेलं नाही, कारण मी लिहिलेलं बायको वाचते.

भोसरीत आमचं सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं, छोटं वर्कशॉप आहे. बिडाच्या ब्रेक डिस्क टर्न करून देतो. बावीस वर्षं लोकांच्या गाड्या थांबवायचं काम केलं, एकदा आपणही एखादी गाडी सुटू द्यावी, एवढीच हौस होती. मेहुणा नोएडात नोकरीला, त्यामुळे राहायचा खर्च नाही. तो म्हणाला, "दाजी, या तर खरं, मीपण येतो बघायला." बघायला आलेला हा माणूस शेवटी माझ्यापेक्षा जास्त वसूल करून गेला. ते पुढे येईलच.

रिपोर्टिंग सकाळी साडेसातचं होतं. पहाटे पावणेसहाला निघालो. यमुना एक्स्प्रेसवेवर जेवरच्या टोलनाक्याच्या बऱ्याच अलीकडे सर्किटसाठी वळायचं. हिवाळ्यात धुक्यामुळे तिथे कारला वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणतात, आणि त्या सकाळी ७५ सुद्धा धाडसाचेच होते. पुढच्या ट्रकचा मागचा दिवा अधूनमधून दिसायचा, तेवढाच काय तो रस्ता. पोचलो तर पिट बिल्डिंगमधून, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजच्या इमारतीतून, समोरचं ग्रँडस्टँड दिसेना. मधे आहे किती, तर एक रस्ता. पहिली गाडी पावणेअकराला सुटली. तोवर 'सर, बस पंद्रह मिनट' हे किती वेळा ऐकलं ते मोजणं मी सोडून दिलं. चहा होता, खायला बिस्किटं. त्यामुळे उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर सकाळचा स्लॉट घेऊच नका. दुपारी बाराचा घ्या आणि घरून पराठे बांधून न्या.

आता मूळ दुखण्याकडे वळतो.

नोंदणीच्या टेबलावर दोन पर्याय ठेवले होते. एक, क्रेडिट कार्डावर दोन लाख ब्लॉक करू द्या. दुसरा, ४,१३० भरून कव्हर घ्या, मग ब्लॉक फक्त ५०,०००. डेबिट कार्ड चालत नाही. यातलं एक अक्षर बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलेलं नाही. माझ्या पुढे पंचविशीतला एक मुलगा होता, त्याच्या कार्डाची मर्यादाच दीड लाखाची. तो भिंतीकडे तोंड करून वडिलांना फोनवर समजावत होता, आणि वडील काय बोलत असतील ते त्याच्या मानेवरून कळत होतं.

मी कव्हर घेतलं. पैसे भरून झाल्यावर पाच पानी बाँड, म्हणजे हमीपत्र, हातात आला. परचेस ऑर्डरच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय असल्यामुळे मी तो बाजूला घेऊन वाचला. चौथ्या पानावर लिहिलं होतं की कव्हर घेतलं तरी नुकसानीचे पहिले तीन लाख चालवणाऱ्याचे. टायर, रिम आणि गाडीचं पोट कव्हरमध्ये नाही. पुढचं कलम तर कोरून ठेवण्यासारखं. गाडी ट्रॅकच्या हद्दीबाहेर गेली तर कव्हर रद्द. आता मला सांगा, सर्किटवर गाडीचं नुकसान व्हायचं तर ती ट्रॅकबाहेर जाऊनच होणार ना? एवढ्या रुंद डांबरावर मधोमध कशाला धडकणार ती, धुक्याला? पोहायला न येणाऱ्यासाठी विमा, अट एवढीच की पाण्यात उतरायचं नाही. टेबलावरच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "अंकल, फॉर्मॅलिटी है, आज तक किसी का नहीं कटा." मग नाही कटत तर लिहिता कशाला, हे मी मराठीतच म्हणालो. मेहुण्याने मला बाजूला नेलं.

सही केली. इतक्या लांब येऊन कोण परत जाणार, हे त्यांना माहीत असतं. म्हणून सांगतो, बुकिंगचे पैसे भरण्याआधी बाँडचा मसुदा मेलवर मागवा. देत नसतील तर पैसे भरू नका, एवढं सरळ आहे.

याच ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला, २०१३ मध्ये तर चौथं जगज्जेतेपद त्याने इथेच पक्कं केलं आणि मुख्य स्ट्रेटवर गाडी गरागरा फिरवून गाडीसमोर साष्टांग म्हणावा असा नमस्कार घातला. मग कराच्या भानगडीत ती शर्यत आली नाही ती नाहीच. माझी पावती बघितल्यावर मला फॉर्म्युला वनवाल्यांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

ब्रीफिंग पन्नास मिनिटं चाललं. झेंड्यांचे रंग तेवढे नीट ऐका, बाकी झोप आली तरी चालेल. माझ्या टोकनचा, ४३ चा, पुकारा झाला तेव्हा एक वाजून गेला होता.

गाडीत बसणं हेच एक काम आहे. आधी बूड, मग डोकं, मग पाय. माझी उंची पाच फूट अकरा. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं छताला टेकलं आणि तिन्ही लॅप मान किंचित उजवीकडे वाकवूनच काढले. सहा फुटांच्या वरचे असाल तर हुराकानच्या नादी लागू नका. पॅडल जवळजवळ आहेत, पातळ तळाचे बूट घाला. माझ्यासमोर एकाला ट्रेकिंगच्या बुटांसाठी परत पाठवलं. मधल्या कन्सोलवर एक लाल झाकण असतं, ते उचललं की खाली स्टार्टचं बटण, जणू क्षेपणास्त्र सोडायचंय. ते झाकण उचलताना माझा अंगठा थरथरला हे कबूल करतो. पाठीमागे ५.२ लिटरचं व्ही-१० इंजिन, ६४० अश्वशक्ती. सुरू झालं तेव्हा आवाज कानाआधी पाठीला कळला.

आता लॅपचा हिशेब. पहिला लॅप 'ट्रॅक ओळखीचा'. पुढे आयोजकांची गाडी, म्हणजे 'लीड कार', मागे आम्ही चार जण, बदकाच्या पिल्लांसारखे, साठच्या वेगाने. तिसरा लॅप 'कूलिंग'चा, म्हणजे तोही हळूच. उरला दुसरा. त्यातही ओव्हरटेकिंगला बंदी, म्हणजे पुढचा जितका चालवणार तितकंच तुम्ही चालवणार. माझ्या पुढे नारिंगी गाडीत एक गृहस्थ होते, ते वळण यायच्या कितीतरी आधी, वळण आल्यावर आणि वळण गेल्यावरही ब्रेक दाबत होते. देव त्यांचं भलं करो. तुमचा नंबर आला की अडून बसा, पण लीड कारच्या लगेच मागची जागा मागून घ्या. मागितली तर देतात, हे मला नंतर कळलं.

जाहिरातीत '३००+' असा आकडा होता. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तोच या सर्किटचा जीव. त्याच्या मध्यावर आयोजकांनी कोन लावून नागमोडी वाट केली होती. सुरक्षेसाठी हे बरोबरच आहे, मी चालवणारा असताना तर नक्कीच. पण मग जाहिरातीत ३०० लिहू नका. माझा काटा १८७ ला टेकला आणि शेजारचा इन्स्ट्रक्टर 'ब्रेक, ब्रेक, ब्रेक' म्हणाला. गाडी तेव्हा 'स्ट्राडा' मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात सोज्वळ. स्टीअरिंगच्या खाली 'स्पोर्ट' आणि 'कोर्सा'चा, म्हणजे शर्यतीच्या मोडचा, खटका आहे. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर इन्स्ट्रक्टरने त्यावर हातच ठेवला.

तरीही ते सेकंद सांगायलाच हवेत. पहिल्या वळणापासून ट्रॅक चढत जातो, तिसरं वळण टेकडीच्या माथ्यावर असल्यासारखं वाटतं, पुढे काय आहे ते दिसत नाही. नारिंगी गृहस्थ नेमके तिथे चुकून लांब गेले, मधे मोकळी जागा पडली, आणि इन्स्ट्रक्टर म्हणाला, "अब दबाओ." मी दाबला. पोट सीटमध्ये राहिलं आणि बाकीचा मी पुढे गेलो. ओरडलो असेन, कारण घसा संध्याकाळपर्यंत बसला होता. आणि ब्रेक! बावीस वर्षं मी ब्रेकबद्दल बोलतोय, पण कार्बन-सिरॅमिक डिस्क अशी धरते हे पायाला पहिल्यांदाच कळलं. पट्टा छातीत रुतला, डोळ्यांतलं पाणी पुढे आलं, आणि गाडी मात्र रेषेत, हूं की चूं नाही. थंड असताना याच डिस्क पिट लेनमध्ये बेसूर किंचाळत होत्या. आमच्या बिडाच्या डिस्क गरीब बिचाऱ्या, पण सकाळी पहिल्या सिग्नलला गप्प तरी असतात.

दहावं-अकरावं वळण म्हणजे एकच भलंमोठं उजवं वळण आहे, बाहेरच्या बाजूने उचललेलं. परातीत गोटी फिरावी तशी गाडी फिरते. संपेल म्हणता संपत नाही. तिथे १०५ ला सुद्धा मान लुळी पडली. संपूर्ण प्रकार बारा मिनिटांत आटोपला.

आता मेहुणा. त्याने काउंटरवर सहज विचारलं आणि ५,९०० रुपयांत 'पॅसेंजर लॅप' घेतला. शर्यतीत भाग घेणारा ड्रायव्हर चालवतो, तुम्ही शेजारी बसायचं. पुढे लीड कार नाही, मोड कोर्सा, कोनांच्या मधून तो असा गेला की स्टँडवर बसलेले सगळे उभे राहिले. एकच लॅप, जेमतेम अडीच मिनिटांचा. मेहुणा उतरला तेव्हा चेहरा हळदीसारखा पिवळा आणि तोंडातून शब्द फुटेना. पाच मिनिटांनी म्हणाला, "दाजी, तुम्ही चालवत होता ती हीच गाडी का?" घरचा माणूस म्हणून सोडून दिलं.

माझं स्पष्ट मत सांगतो. फोटोसाठी जायचं असेल तर खुशाल तीन लॅप घ्या. गाडी कशी पळते ते कळायला हवं असेल तर पॅसेंजर लॅप घ्या आणि उरलेल्या पैशांत घरच्यांना जेवायला न्या. गाडी चालवायला शिकायची असेल तर या वाटेला जाऊच नका. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचा ट्रॅक आहे, कोईमतूरला कारी स्पीडवे आहे. तिकडच्या रेसिंग स्कूलमध्ये छोट्या सिंगल सीटरमध्ये जे शिकायला मिळतं त्याच्या जवळपासही हे जात नाही. आमच्या भोसरीतला एक जण कोईमतूरला जाऊन आलाय, त्याचं मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

ज्यांचं नोएडात कुणी नाही त्यांच्यासाठी. दिल्ली मेट्रोच्या ब्लू लाइनने नोएडा सेक्टर ५२ ला उतरा, तिथून थोडं चालून सेक्टर ५१ ला अ‍ॅक्वा लाइन पकडा आणि परी चौकापर्यंत जा. पुढे टॅक्सी करावी लागते. जाताना मिळते, येताना सर्किटच्या फाटकाशी मिळत नाही, म्हणून जाणाऱ्यालाच थांबवून ठेवा आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवा. आमच्या ओळखीच्या झालेल्या दोन मुलांकडून टॅक्सीवाल्याने परतीचे २,२०० घेतले.

दुसऱ्या दिवशी आग्र्याला गेलो. ताजमहाल पाहिला, चांगला आहे.

ब्लॉक केलेले ५०,००० सुटायला अकरा दिवस लागले, तीन मेल आणि एक फोन. व्हिडिओची लिंक चौदाव्या दिवशी आली. घरी टीव्हीवर लावला, शेजारचे पाटील काकाही येऊन बसले. गाडी तीच, रंग तोच, हेल्मेटही तेच. पण स्टीअरिंगवरच्या मनगटात जाडजूड स्टीलचं कडं. मी कडं घालत नाही. पाच मिनिटांनी आयोजकांचा मेल आला की टोकन ३४ आणि ४३ ची अदलाबदल झाली, क्षमस्व, तुमचा व्हिडिओ शोधतोय. अजून शोधतायत. तोवर पाटील काकांनी पूर्ण बघितला आणि म्हणाले, "छान चालवलीस रे." मी काही बोललो नाही. कडंवाला चौथ्या वळणावर माझ्यापेक्षा बराच उशिरा ब्रेक मारतो.