दोन पायऱ्यांमधली वाट

माणसांचे स्वभाव वाचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पुण्यातल्या कंपन्यांमध्ये मी कार्यशाळा घेते. योद्धा, राजा, ज्ञानी, विदूषक, भटक्या, सांभाळ करणारी आई... कार्ल युंगच्या आदिरूपांच्या विचारावरून पुढच्या मंडळींनी बारा प्रकारांची मांडणी केली, ती मी लोकांपुढे ठेवते. आपला साचा सापडला की माणसं खुलतात. युंगला मात्र साच्यापाशी थांबायचं नव्हतं. जगासाठी चढवलेला मुखवटा, आपण नाकारलेली छाया, 'मी' म्हणवणारा अहं आणि या सगळ्यांना पोटात घेणारं आत्मतत्त्व, असा त्याचा रोख होता. अहं मारायचा नसतो, त्याला त्याच्याहून मोठ्या गोष्टीच्या चाकरीला लावायचं असतं. हा टप्पा मला चार भिंतींत कधी दाखवता आला नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वारीत तो भर रस्त्यावर चालू असतो.

आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. हैबतबाबा आरफळकर साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळं सोडून ते आळंदीला आले आणि माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. अश्व, चोपदार, दिंड्यांचा ठरलेला क्रम, निघायची वेळ झाली की होणारा कर्णा. या सगळ्यात फौजेची शिस्त दिसते. सरदारकी सोडली, पण अंगातली शिस्त त्यांनी टाकून दिली नाही, पालखीपुढे उभी केली. स्वतःच्या समाधीसाठी जागा घेतली ती पायरीची. प्रस्थानाच्या गर्दीत त्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावताना माझ्या मनात आलं, योद्ध्याचं याहून चांगलं काय होऊ शकतं?

आमच्या दिंडीचे विणेकरी लातूरकडचे शेतकरी. सगळे त्यांना नाना म्हणत. दिंडीत पताका पुढे, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, मागे विणेकरी आणि त्यांच्यामागे तुळस घेतलेल्या बाया. कोणता अभंग घ्यायचा, चाल कधी बदलायची, सगळं विणेकऱ्याच्या हाती. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या, घाटभर माणूसच माणूस, आणि नानांचा आवाज सगळ्या दिंडीला वर ओढत होता. मी मनात त्यांना लगेच 'ज्ञानी' या खणात टाकून मोकळी झाले.

अर्ध्या घाटात वीणा बदलायची वेळ आली. वीणा खाली ठेवायची नसते आणि भजनही थांबत नाही. पंचविशीतला एक मुलगा पुढे आला. नानांनी गळ्यातून वीणा काढली, त्याच्या गळ्यात घातली, आणि चालता चालताच वाकून त्याच्या पायाला हात लावला. त्यानेही त्यांच्या पायाला लावला. मग नाना खिशातून टाळ काढून सरळ मागच्या रांगेत गेले. आता अभंग तो मुलगा सांगणार आणि नाना त्याच्यामागे म्हणणार. तोंडावर कसलीही ओढाताण नाही. मी ज्याला त्यांचा स्वभाव समजत होते तो त्यांच्या गळ्यात होता आणि त्यांनी तो काढून दिला. कंपनीत एका खुर्चीवरून बाजूच्या खुर्चीवर जायला माणसांना किती त्रास होतो, हे मी रोज बघते. म्हणून मला हे दृश्य फार मोठं वाटलं, अजूनही वाटतं.

परभणीकडच्या एका आजीबाईंनी मला तसंच काहीसं शिकवलं. त्यांच्या डोक्यावर पितळी वृंदावन, त्यात मंजिऱ्या आलेली तुळस. नीरेच्या अलीकडे त्यांनी ती माझ्या डोक्यावर दिली. चुंबळ नीट बसवली आणि म्हणाल्या, "खाली नको बघू माय. पुढलीच्या पदराकडं बघ." तेवढंच. पुढच्या बाईच्या हिरव्या पदराचा काठ उसवला होता, एक दोरा लोंबत होता. तासभर मी तो दोरा बघत चालले. डोक्यावर ओझं आणि कानात टाळ असताना मी कोण, मला काय येतं, लोक काय म्हणतात, यातलं एकही डोक्यात टिकलं नाही.

नामदेवांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण सासवडच्या मुक्कामात, सोपानकाकांच्या गावात ती कीर्तनात ऐकली तेव्हा पहिल्यांदा आत उतरली. संतांची बैठक बसलेली. मुक्ताई गोरोबाकाकांना म्हणते, तुम्ही कुंभार, सांगा बरं यातलं कच्चं मडकं कोणतं? गोरोबा मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे गप्प बसतात. नामदेव मात्र रागावतात. प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, तो कच्चा? ते तक्रार घेऊन पंढरपूरला जातात आणि देवही सांगतो, तुला गुरू हवा. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर भेटतात, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय जिथे देव नसेल तिथे ठेव, म्हणतात. नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला जातात तिथे पिंड दिसते.

आमच्या शास्त्रातली छाया मला इथे स्वच्छ दिसते. नामदेवांचा अहंकार पैशाचा नव्हता, विद्येचाही नव्हता. तो लाडक्या भक्ताचा होता, म्हणजे भक्तीच्याच कापडाचा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माऊली सांगतात तसाच: "नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं । सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥"

वारीतही तो झोंबतोच. कुणाची दिंडी रथाच्या किती जवळ, कुणाच्या किती वाऱ्या झाल्या, पाणी आधी कुणी भरायचं. हे झाकून वारीचं नुसतं गोड वर्णन करणं मला पटत नाही. मला भावलं ते या रुसव्यांचं वारीने काय केलंय ते. संध्याकाळी तळावर समाजआरती असते. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात आणि क्षणात सगळं शांत. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा होतो. मग तेही टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. रागालासुद्धा टाळातूनच बोलावं लागतं, आणि त्याचं ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही. आतल्या छायेशी कसं वागावं याचं इतकं नेटकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

वेळापूरच्या वाटेवरची भारुडं पाहताना एकनाथांची आठवण येते. एवढा पंडित माणूस, पण भारुडात कधी गोंधळी झाला, कधी वासुदेव, कधी जोशी, कधी विंचू चावून तळमळणारा. प्रत्येक सोंग पूर्ण वठवायचं आणि शेवटी 'एका जनार्दनी' म्हणून उतरवून ठेवायचं.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेला आजीबाई लागल्याच नाहीत. कळसाला हात जोडले, चंद्रभागेत बुडी मारली आणि महाद्वारातल्या नामदेव पायरीपाशी आल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली. समोर चोखोबांची समाधी. कच्चं म्हटल्यावर रागावलेला माणूस शेवटी लोकांच्या पायाखालची जागा मागतो. आळंदीत सरदार पायरीपाशी, पंढरीत देवाचा लाडका पायरीपाशी, आणि मधली वाट आपल्या पायाखाली. त्या पायरीवर डोकं टेकवून मी बराच वेळ रडले.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालखी परत निघते. परतवारीला मोजकी माणसं असतात. मुक्काम कमी, टप्पे लांब, रस्त्यात कमानी नाहीत, कॅमेरे नाहीत. नाना दरवर्षी तीही चालतात. "येताना माऊलींना एकटं कसं सोडायचं?" असं म्हणाले. पुढच्या वर्षी रजा त्या हिशोबाने टाकणार आहे. आजीबाईंनाही निरोप धाडलाय.