स्टेपनीच्या कॅरिअरवर एचएफ अँटेना: ब्रॅकेट सोपं, अर्थिंग अवघड

गाडीच्या मागच्या दारावर स्टेपनीचं कॅरिअर आहे, त्यावर हॅम (हौशी) रेडिओचा एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, अँटेना बसवायचा होता. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘ब्रॅकेट झालं, आता फक्त अँटेना चढवायचा.’ त्या ‘फक्त’मध्ये चार रविवार गेले.

आणि झालेलं ब्रॅकेटही मोडीत काढलं. पहिलं ब्रॅकेट मी स्टेपनीच्या दोन नटांखाली अडकवलं होतं. पाच मिलिमीटरची पट्टी, एल आकारात वाकवलेली, वरच्या टोकाला अँटेनाच्या बुडाचं भोक. दिसायला झकास. मग एकदा पंक्चर झालं, आणि पावसात उभं राहून कळलं की चाक हवं असेल तर आधी अँटेना उतरवा, कोअ‍ॅक्स (अँटेनापासून रेडिओकडे जाणारी केबल) सोडा, पट्टी काढा, आणि मग पाना उचला. त्याहून वाईट म्हणजे नटांचं निमुळतं तोंड चाकाच्या भोकात बसण्याऐवजी सपाट पट्टीवर टेकत होतं, आणि स्टडचे आटे पाच मिलिमीटरने कमी पकडत होते. असं चाक घेऊन मी खडकाळ वाटांनी फिरत होतो! कुणी ही युक्ती सुचवली तर ऐकू नका, मीच सुचवली असली तरी.

आताचं ब्रॅकेट कॅरिअरच्या पाइपलाच दोन यू-बोल्टनी आवळलंय, लॉक नट लावून. चाक काढलं-घातलं तरी अँटेनाला पत्ता लागत नाही. जागा निवडली बिजागरीच्या बाजूची. दाराची दुसरी कड उघडताना मोठा फेरा मारते आणि दार आपटलं की सगळा हादरा तिलाच बसतो. बिजागरीजवळ व्हिप (अँटेनाची उभी सळई) जेमतेम हलतो, कोअ‍ॅक्सही कमी लागते. लोडिंग कॉइल (आखूड सळईची कमी लांबी भरून काढणारं तारेचं वेटोळं) मात्र छताच्या वर राहील अशी उंची घेतली. कॉइल पत्र्याला खेटून राहिली की ट्यूनिंगही सरकतं आणि पॉवरही वाया जाते.

व्हिप दोन मीटरचा. ४० मीटर बँडला (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) पूर्ण पाव तरंगलांबी म्हणजे दहा मीटरच्या वर, तेव्हा कॉइलला पर्याय नाही. ७.१ मेगाहर्ट्झला ट्यून केलं. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळलाय त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळलेला) १.१. चहा घ्यायला आत गेलो, इतका खूश.

परत आलो तर १.८. काहीच बदललं नव्हतं, फक्त कुणीतरी मागचं दार उघडं टाकलं होतं. दार लावलं, पुन्हा १.१. कोअ‍ॅक्स मुठीत धरली, काटा हलला. मग मुलीला दाराशी उभं केलं आणि उघड-मीट करायला लावलं, मी अ‍ॅनालायझरवर (एसडब्ल्यूआर मोजणाऱ्या यंत्रावर) डोळे लावून. सातव्यांदा ती म्हणाली, ‘बाबा, दार बिघडलंय की तुम्ही?’

दार बिघडलं नव्हतं, ते गाडीचा भाग नव्हतं. म्हणजे बोल्टने होतं, आरएफने (रेडिओच्या वारंवारतेच्या करंटसाठी) नव्हतं, आणि अशा अँटेनाचा परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातूनच यायचा असतो. बिजागरीत ग्रीस, कडेने रबर, सगळीकडे रंग. मल्टिमीटर कॅरिअर ते चॅसिस ०.३ ओहम दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण तो रस्ता होता ब्रेक लाइटच्या अर्थ वायरचा. मीटरभर बारीक वायर म्हणजे साधारण दीड मायक्रोहेन्री इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा), आणि ७ मेगाहर्ट्झला तिचे साठ-सत्तर ओहम होतात. डीसीला हमरस्ता, आरएफला पायवाट. मग परतीचा करंट कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या अंगावरून वाहणारच, आणि केबल मुठीत धरली की काटा हलणारच.

तिसरा रविवार खरवडण्यात गेला. चपटी तांब्याची वेणी, इंचभर रुंद, जमेल तितकी आखूड: कॅरिअर ते दार, दोन्ही बिजागऱ्यांवरून दार ते बॉडी, आणि बॉडी ते चॅसिस. शेवटची विसरू नका. लॅडर फ्रेमच्या गाडीत बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते. प्रत्येक टोकाला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि वरून ग्रीस थापलं. उघडा पत्रा तसाच सोडला तर गंज वाटच बघत असतो.

आता दार उघडा, लावा, काटा ढिम्म. आणि एसडब्ल्यूआर? २.०.

इथे मी अर्धा दिवस हताश बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी अ‍ॅनालायझर ४७ ओहम दाखवत होता, आता २५; रेडिओला आणि केबलला हवेत ५०. इतक्या आखूड व्हिपचा स्वतःचा रेडिएशन रेझिस्टन्स (ऊर्जा हवेत पाठवणारा भाग) अगदी थोडा, बाकीचा सगळा कॉइलचा आणि अर्थचा तोटा. आधीचा १.१ त्या तोट्यानेच सजवला होता. बावीस ओहम तोटा गेला म्हणून आकडा बिघडला, अँटेना सुधारला. तेवढ्याच पॉवरला आता जवळपास दुप्पट ऊर्जा हवेत जाते. पलीकडच्याला यातलं अर्धं एस-युनिटही (सिग्नलच्या ताकदीचं माप) धड जाणवणार नाही, हेही कबूल. पण मला जाणवतं. ऐकताना इंजिनची किरकिरही उतरली, तो नफा वरचा.

२५ चे ५० करायला बुडाशी शंट कॉइल (अँटेना आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेली): २५ मिलिमीटर व्यास, तेवढीच लांबी, आठ फेरे, साधारण १.१ मायक्रोहेन्री. म्हणजे ७.१ ला ५० ओहम. व्हिप किंचित आखूड केला, कारण जुळवणीला थोडी कपॅसिटिव्ह (कपॅसिटरसारखी) बाजू लागते आणि ती आखूड केल्याने मिळते. पुन्हा १.१, या वेळी खरा. बँडविड्थ (एका ट्यूनिंगवर चालणारा वारंवारतेचा पट्टा) आवळली, ते अपेक्षितच. एक गंमत: आता मल्टिमीटर मधली तार आणि अर्थ शॉर्ट दाखवतो. कॉइल आहे ती, घाबरून कनेक्टर कापू नका. मी पक्कड हातात घेतली होती.

कोअ‍ॅक्सचं थोडक्यात. दाराच्या वायरिंगच्या रबरी नळीतूनच आत नेली, आरजी-५८, मल्टिस्ट्रँड. बिजागरीपाशी ती दुमडू देऊ नका, उभी धरून पिळू द्या. दुमडणारी केबल तुटते, पिळणारी टिकते. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, आणि आत शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथूनच गळतं.

काल अँटेना जागेवर ठेवून स्टेपनी काढली आणि परत चढवली. चार मिनिटं. चाकाचे नट आता चाकावरच टेकतात.

राहिलं २० मीटर बँडचं. १४ मेगाहर्ट्झला हीच शंट कॉइल १०० ओहमची होते आणि तिथे व्हिपचा रेझिस्टन्सही वेगळा. आठ फेरे चालतात का, की तिथे टॅप (कॉइलच्या मधल्या फेऱ्यातून जोड) काढावा लागतो, ते पुढच्या रविवारी मोजतो. दारापाशी उभं राहायला मुलगी तयार नाही, तेव्हा दाराला दोरी बांधणार आहे.