तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं मनाचंच ना?

"डार्क एनर्जी कुणी पाहिली नाही, डार्क मॅटरही नाही. मग त्यांच्यात देवाणघेवाण होते हे तुम्ही मनानंच घालता ना?" लग्नात, चहाच्या टपरीवर, व्याख्यान संपल्यावर, हाच प्रश्न. मी दरवेळी चिडते. आज नीट सांगते. डार्क मॅटर म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं अदृश्य द्रव्य; डार्क एनर्जी म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणारं काहीतरी.

हो, मनानं घालतो. डार्क मॅटरच्या समीकरणात उजवीकडे एरवी शून्य असतं, तिथे आम्ही 'क्यू' लिहितो, म्हणजे त्या देवाणघेवाणीचं पद. डार्क एनर्जीच्या समीकरणात उणे क्यू. एकूण हिशेब जुळतो, पण क्यूचं रूप आमचं. मात्र विश्वाचा सुमारे ६८ टक्के भाग (डार्क एनर्जी) आणि सुमारे २७ टक्के भाग (डार्क मॅटर) एकमेकांना ओळखतच नाहीत, हेही गृहीतकच. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आणि मनाचं असलं तरी ते हरतं.

१६ ऑक्टोबर २०१७, वसुबारस. औंधातल्या खोलीत संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप उघडला. बातमी जाहीर झाली: सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळले होते. गुरुत्वीय लहरी पोचल्यावर १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. म्हणजे दोघांचा वेग एकच. फरक असलाच तर एकावर पंधरा शून्यांत एखाद्या भागाचा. माझ्या सिद्धान्तात वेग वेगळे होते. आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणात मी जे क्षेत्र मिसळलं होतं, त्याच्या एकाच पदानं विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवला होता, त्याच पदानं क्यू आपोआप दिला होता आणि त्याच पदानं लहरींचा वेगही बदलला होता. चार वर्षांचं काम. वहीत त्या पदाच्या सहगुणकाला शून्य लिहिलं, आणि पुढची अकरा पानं निरर्थक झाली. आईचा फोन आला, "पणत्या लावल्यास का?" मी हो म्हटलं. लावल्या नव्हत्या.

पुढचे दोन महिने मी काय केलं, हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सहगुणक नेमका आजच शून्य व्हावा, पूर्वी नसावा, अशी जुळवाजुळव केली. गणित बरोबर होतं. पण सेमिनारमध्ये "आजच का?" असं विचारल्यावर मी जे उत्तर दिलं, त्यावर माझाच विश्वास नव्हता. तेव्हाची मी म्हणायची, ते तंत्र आहे. आता वाटतं, तो हट्ट होता. पण मग क्यू हाताने घालणं हट्ट नाही, हे मी कशाच्या जोरावर म्हणते?

२०२४ आणि २०२५ मध्ये 'डेसी' या दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाच्या निरीक्षणांनी डार्क एनर्जी काळाबरोबर बदलत असावी, असा इशारा दिलाय, पक्का नाही. आता माझ्या मॉडेलमध्ये दोन्ही वेग सारखे ठेवलेत. क्यू पुन्हा मीच लिहिलाय. परवा रात्री मॉडेल संगणकावर चालवायला लावलंय, अजून उत्तर यायचंय.