मोजून साडेसहाशे मिलिलिटर

एकाच पातेल्यातला चिकन-पास्ता पहिल्यांदा केला तेव्हा मुलीने पातेल्यात डोकावून विचारलं, "बाबा, हे पास्त्याचं सूप आहे का?"

"थांब जरा, आटेल," मी म्हटलं.

आटलं. पण आटायला आणखी बारा मिनिटं लागली आणि तेवढ्यात पास्त्याचा पार गिचका झाला. चिकन इतकं वातड झालं होतं की बायको एकच तुकडा बराच वेळ चघळत बसली आणि शेवटी म्हणाली, "चव चांगली आहे रे." कुणी नुसतं 'चव चांगली आहे' म्हटलं की बाकी काय बिघडलंय ते आपण समजून घ्यायचं.

हा खटाटोप मांडायचं कारण म्हणजे भांडी. आमच्या घरी शनिवारी रात्री जो स्वयंपाक करतो तोच भांडी घासतो, आणि शनिवार माझा. क्रीमी चिकन-पास्ता सगळ्यांना आवडतो, पण करायचा म्हणजे एका पातेल्यात पास्ता, कढईत चिकन, तिसरीकडे सॉस. तिन्ही एकाच वेळी तयार व्हायला हवेत आणि ते कधीच होत नाहीत. पास्ता चाळणीत चिकटून बसतो, सॉसवर साय धरते, आणि आपण उलथणं हातात घेऊन या गॅसवरून त्या गॅसवर. म्हणून ठरवलं की सगळं एकाच पातेल्यात करून बघायचं.

चूक कुठे झाली ते त्या रात्री भांडं घासतानाच डोक्यात आलं. नेहमीच्या पद्धतीत पास्ता भरपूर पाण्यात उकळायचा आणि जास्तीचं पाणी चाळणीतून सोडून द्यायचं. पाकिटावर १०० ग्रॅमला १ लिटर लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. मी स्वतःला शहाणा समजून २५० ग्रॅमला अडीच लिटरच्या जागी सव्वा लिटर घातलं होतं. निम्मं केलं की झालं, असा हिशोब. पण इथे चाळणीच नाही. जे पातेल्यात गेलं ते पातेल्यातच राहणार. पास्ता शिजला तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी तसंच होतं, आणि ते आटवेपर्यंत पास्ता आणि चिकन बिचारे उकळत राहिले.

मग पाणी नेमकं किती? दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम सुका पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, वेगळा उकळला, निथळला आणि काट्यावर ठेवला. २२० ग्रॅमच्या आसपास भरला. म्हणजे पास्ता स्वतःच्या वजनाच्या साधारण सव्वापट पाणी पितो. २५० ग्रॅमला ३०० मिलिलिटर झाले. बारा-तेरा मिनिटांत वाफेवर दीडशे तरी जाणार. वर सॉससाठी दोनशे उरायला हवेत. बेरीज ६५०. मी हे कागदावर मांडत होतो तेव्हा बायको म्हणाली, "पास्ता करतोयस की प्रयोगशाळा काढतोयस?" बोलली ते खरंच होतं, पण हा साडेसहाशेचा आकडा हाती लागल्यावर अर्धी लढाई संपली.

कमी पाण्याचा दुसरा फायदा मला नंतर कळला. पास्त्याच्या गव्हातला स्टार्च, म्हणजे पिष्ट, साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगायला लागतो आणि त्यातला थोडा पाण्यात उतरतो. पास्ता उकळलेलं पाणी गढूळ, दुधाळ दिसतं ते त्यामुळे. हा स्टार्च सॉस दाट करतो आणि क्रीमची चरबी आणि पाणी वेगळं होऊ देत नाही. एरवी आपण तो सिंकमध्ये ओतून देतो आणि मग सॉस दाट व्हावा म्हणून वेगळा मैदा भाजत बसतो! सव्वा लिटरमध्ये तेवढाच स्टार्च पसरून पातळ होतो. साडेसहाशेमध्ये सॉस आपोआप मिळून येतो, मैद्याची गरजच पडत नाही.

दुसऱ्या शनिवारी पाणी मोजून घातलं आणि क्रीम फाटली.

दोष सर्वस्वी माझा. घरात कमी चरबीची क्रीम होती. ती फ्रिजमधून काढून तशीच थंडगार, खळखळ उकळत्या पातेल्यात ओतली, आणि चव उठावी म्हणून वर लगेच अर्धं लिंबू पिळलं. डोळ्यांदेखत सॉसमध्ये बारीक पांढरे कण दिसायला लागले. दूध फाटतं तसंच हे. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दुधातलं प्रथिन, केसीन, गोळा होतं. दाट क्रीममध्ये, म्हणजे ३५ टक्के किंवा त्याहून जास्त चरबी असलेल्या, चरबी भरपूर आणि प्रथिन कमी, म्हणून ती आंबटासोबत उकळलेली सहन करते. पातळ क्रीमला आणि दुधाला ते झेपत नाही. कणीदार सॉस खायला काही वाईट नव्हता, पण त्यात स्टॉकच्या (पाण्यात विरघळवून रस्सा करायच्या) वडीचं मीठ होतं, चीजचं मीठ होतं आणि मी सवयीने घातलेलं वेगळं मीठही होतं. पुन्हा तेच: पाण्याबरोबर मीठही बाहेर जात नाही. सॉस आटतो तसा खारट होत जातो. आता मी सुरुवातीला चिकनला लावलेलं अर्धा चमचा सोडून मीठ घालतच नाही, चीज विरघळल्यावर चाखून ठरवतो.

तिसऱ्या वेळी जमलं. तेव्हापासून फारसा बदल केलेला नाही, म्हणून आता जसं करतो तसंच सांगतो.

चिकन बोनलेस, मांडीचं, ४०० ग्रॅम. छातीचं घेतलं तरी चालतं, पण ते दोन मिनिटं जास्त झालं की कोरडं पडतं. मांडीत चरबी जास्त असल्याने तिथे आपली चूक खपून जाते. मी चिकन आता धूत नाही. पूर्वी नळाखाली धुवायचो, पण त्याने जिवाणू जात नाहीत, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. ते मरतात ते शिजल्यावर. धुण्याऐवजी कागदी रुमालाने टिपून अगदी कोरडं करतो. याचा रंगाशीही संबंध आहे. ओलं चिकन गरम तेलात टाकलं की आधी पाणी वाफ होऊन जावं लागतं, आणि पाणी आहे तोवर वरचा पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे जात नाही. खमंग तपकिरी रंग यायला १४० च्या आसपास जावं लागतं. पहिल्या वेळी माझं चिकन स्वतःच्याच पाण्यात उकडून पांढरंफटक झालं होतं ते यामुळेच.

पातेलं पसरट आणि जाड बुडाचं घ्यायचं. दोन चमचे तेल चांगलं तापू द्यायचं. मीठ-मिरपूड लावलेले तुकडे सुटे सुटे ठेवायचे, गर्दी करायची नाही, आणि मग हात आवरायचा. हे मला सर्वांत कठीण गेलं. तुकडा तळाला चिकटलेला वाटतो, उलथणं घालून ओढावासा वाटतो. तीन मिनिटं धीर धरला की तो आपसूक सुटतो. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की आतून जरा कच्चं असतानाच ताटलीत काढायचं. पहिल्या वेळी मी काढलंच नव्हतं, पास्त्याबरोबर वीस-बावीस मिनिटं शिजवलं होतं. वातड होणारच.

आता पातेल्याच्या तळाला जी खरवड धरलेली असते ती धुवायला जाऊ नका. सगळी चव तिच्यात आहे. गॅस मंद करून चमचाभर लोणी आणि बारीक चिरलेला कांदा घालायचा. कांद्याला पाणी सुटलं की लाकडी चमच्याने तळ खरवडायला लागायचं. लसूण पाच-सहा पाकळ्या, पण कांदा मऊ झाल्यावरच, आणि वास सुटला की अर्ध्या मिनिटात पाणी. लसूण करपला तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही, कितीही क्रीम ओता. एक चमचा सुका ओरेगॅनो, थोडी मिरपूड.

मग साडेसहाशे मिलिलिटर गरम स्टॉक किंवा गरम पाणी. गरमच, कारण थंड ओतलं तर उकळी यायला वेळ लागतो आणि तोवर पास्ता कोमट पाण्यात बसून वरून चिकट होतो. २५० ग्रॅम पेने घालून चमच्याने दाबून सपाट करायचा. पाणी जेमतेम वर येतं आणि भीती वाटते की हे पुरणार कसं. पुरतं. पहिली दोन मिनिटं सतत ढवळायचं, कारण पास्ता एकमेकांना आणि तळाला चिकटतो तो याच वेळात. नंतर आच मध्यमपेक्षा कमी, झाकण तिरकं ठेवायचं आणि दर दोन मिनिटांनी एकदा तळापासून ढवळायचं. स्पॅगेटी मी यात वापरत नाही, ती बुडेपर्यंतच गुंता होतो. ताजा पास्ताही नाही, तो दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि पाणी तसंच राहतं.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर मी नवव्या मिनिटाला एक नळी काढून दातांनी तोडतो आणि आत बघतो. मधोमध खडूसारखी पांढरी बारीक रेघ दिसते. ती ठळक असेल तर अजून थांबायचं, नुसती पुसट उरली असेल तर चिकनची वेळ झाली. ताटलीत चिकनखाली साठलेला रस असतो तो सगळा आत, वर चिकन, चार मिनिटं झाकण ठेवून उकळू द्यायचं. रस अर्धकच्च्या चिकनचा असतो, तोही नीट उकळायला हवा. माझ्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यात ७४ अंश दिसले की निर्धास्त. नसेल तर तो तुकडा कापून बघा, गुलाबी नको आणि सुटणारा रस स्वच्छ हवा.

क्रीम १२० मिलिलिटर, दाट, आणि आधीपासून बाहेर काढून ठेवलेली. त्यात पातेल्यातलं दोन डाव गरम पाणी मिसळून मग ओततो. दाट क्रीमला याची गरज नसेलही, पण फाटलेला सॉस एकदा पाहिलाय, त्यामुळे हात आपोआप तसा चालतो. एक मिनिट रटरटलं की गॅस बंद. चीज गॅस बंद केल्यावरच, ५० ग्रॅम, आणि घरी किसलेलं. आधीच किसून पाकिटात येतं त्याला कीस सुटा राहावा म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, ते तितकं गुळगुळीत विरघळत नाही. आणि उकळत्या सॉसमध्ये घातलं तर चीजचं प्रथिन आकसतं, तेल वेगळं सुटतं आणि चमच्याला दोऱ्या लोंबतात. दोन मुठी पालकही याच वेळी, तो नुसत्या उष्णतेने बसतो. लिंबाचे थेंब अगदी शेवटी, ताटात वाढून झाल्यावर, ज्याचे त्याने.

वाढायच्या वेळी सॉस किंचित पातळ वाटायला हवा, सरसरीत. पातेल्यात हवा तसा दाट दिसला तर ताटात तो घट्ट होणार, कारण निवताना स्टार्च आणखी आळतो आणि पास्ताही पीत राहतो. मी पाच मिनिटं झाकून ठेवतो आणि मगच हाक मारतो.

एकदा पाहुणे आले म्हणून सगळं दुप्पट केलं. पास्ता ५०० ग्रॅम, म्हणून पाणी १३०० मिलिलिटर, असा सरळ गुणाकार केला आणि पुन्हा सूप होता होता राहिलं. पातेलं तेच, त्याचं तोंड तेवढंच, त्यामुळे वाफेवर जाणारं पाणी काही दुप्पट होत नाही. आता दुप्पट करताना ११०० घेतो आणि शंभरेक मिलिलिटर गरम पाणी शेजारी तयार ठेवतो. कमी पडलं तर घालता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. खरं सांगायचं तर त्यापेक्षा दोन पातेल्यांत करावा, पाव-पाव किलोचा. एवढा पास्ता ढवळताना मनगट दुखतं.

आणि हो, 'एकच भांडं' हे पूर्ण खरं नाही. त्या रात्री मी मोजली: पातेलं, चिरायची फळी, सुरी, चिकनची ताटली, मापाचा जग, किसणी, लाकडी चमचा. कच्च्या चिकनची फळी आणि सुरी तर लगेच साबणाने धुवावीच लागते. मुलगी म्हणाली, "बाबा, हे सात आहेत." पण गॅसवर एकच होतं, आणि चाळणी नव्हती. चाळणीच्या भोकांत अडकलेला पास्ता ज्याने काढलाय त्याला हे कमी वाटणार नाही.

उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी डब्यातून निघतो तो डब्याच्याच आकाराचा, चौकोनी ठोकळा. घाबरू नका. पातेल्यात पाव कप दूध घालायचं, ठोकळा त्यात ठेवून झाकायचं, मंद आचेवर चार-पाच मिनिटांनी चमच्याने हळूच मोडायचा आणि वाफाळेपर्यंत गरम करायचा. लिंबू मात्र त्यात आदल्या रात्री कुणी पिळलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.