गेम बॉयच्या पडद्यावर ‘तर्री’ लिहायची तर

गेम बॉय या निन्टेंडोच्या जुन्या हातातल्या यंत्रासाठी गेम लिहायला जीबीडीके-२०२० हा टूलसंच बसवला, सी भाषेत प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) लिहून त्यात ‘नागपूर’ टाकलं आणि एमुलेटरवर (पीसीवर यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवलं, तर नागपूर दिसत नाही. नुसता कचरा येतो, तोही अठरा घरं व्यापून. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘नागपूर’मध्ये काना आणि ऊकार धरून सहा चिन्हं आहेत, आणि हे प्रिंटएफ एका बाइटला एक टाइल (पडद्यावरचा छोटा चौकोनी तुकडा) एवढंच जाणतं. बरेच जण इथेच हात टेकतात आणि गेममधले संवाद रोमन लिपीत लिहून मोकळे होतात. तसं करू नका. १९८९ च्या या यंत्रावर मराठी अगदी स्वच्छ दिसू शकते, फक्त अक्षरं जुळवण्याचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं नाही. ते आधीच पीसीवर उरकायचं.

आधी मोजमाप. पडदा १६० गुणिले १४४ पिक्सेलचा, म्हणजे आडव्या २० आणि उभ्या १८ टाइल, प्रत्येक ८ गुणिले ८ ची. इंग्रजी अक्षर एका टाइलमध्ये बसतं. आपल्याला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून ओळीची उंची १६ पिक्सेल धरावी. माझी वाटणी अशी: वरच्या चार रांगा मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफाराला, पाचवी शिरोरेघेला, पुढच्या आठ अक्षराच्या अंगाला, शेवटच्या तीन उकारांना. अंगाला आठपेक्षा कमी रांगा दिल्या की ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येत नाहीत.

चाचणीसाठी ‘कमल’, ‘नमन’ घेऊ नका, ते कुठेही नीट दिसतात. ‘तर्री’, ‘संत्री’, ‘दीक्षाभूमी’, ‘फुटाळा’ आणि ‘दुसऱ्या’ घ्या. यातली ‘तर्री’ सगळ्यात अवघड. शेवटच्या अक्षरावर वेलांटी आणि रफार एकाच जागी येतात आणि वर जागा फक्त चार रांगांची. दोन्ही एकमेकांवर चढवले तर नुसता ठिपका उरतो. वेलांटीची कमान दांड्यापाशी संपवायची आणि रफार दांड्याच्या उजवीकडे, तीन पिक्सेल रुंदीत काढायचा. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर थोडा झुकतो. पुढे मात्रेचं अक्षर असेल तर तिथे एक पिक्सेल सरकवावा लागतो. ‘दुसऱ्या’तला अर्धा र तर शिरोरेघेखाली येतो, त्याला वेगळं चित्रच हवं.

पीसीवर चित्र बनवायला पायथॉनमधलं पिलो (चित्रं बनवणारी लायब्ररी) पुरतं, पण त्याचं राक्म लेआउट (मात्रा आणि जोडाक्षरं जुळवणारा भाग) चालू आहे का ते आधी तपासा. ते नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून येतात. राक्म पिलोसोबत येतं, पण त्याला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी बऱ्याचदा सिस्टिमवर नसते आणि पिलो गुपचूप साध्या लेआउटवर जातं. भाषा ‘मराठी’ अशी सांगा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत तिथे तेच येतात. चित्र एक-बिट (फक्त काळ्या-पांढऱ्या) मोडमध्येच काढा. करड्या कडा आल्या की चार छटांच्या पडद्यावर अक्षर गढूळ होतं. एवढं करूनही १६ पिक्सेलला कुठलाच फॉन्ट पूर्ण नीट येत नाही. पिक्सेल एडिटरमध्ये बसून हाताने दुरुस्ती करावीच लागते, आणि अक्षराला वळण येतं ते तिथेच.

आता टाइलचा हिशेब. पूर्ण रुंदीची एक ओळ म्हणजे ४० टाइल. तीन ओळींच्या संवादचौकटीला १२० लागतात. पार्श्वभूमीला एका वेळी २५६ टाइल वापरता येतात, म्हणजे चित्रांसाठी १३६ उरतात. साठवताना एक-बिट स्वरूप वापरा: टाइलला १६ ऐवजी ८ बाइट, ओळीला ३२०. एमबीसी५ (मेमरीचे भाग आलटूनपालटून दाखवणारी चिप) असलेल्या कार्ट्रिजची १६ केबीची एक बँक, म्हणजे मेमरीचा एक भाग, घेतली तर तिच्यात अशा ५१ ओळी मावतात.

हा आकडा बराच वाढवता येतो. प्रत्येक शब्द टाइलच्या हद्दीवरच सुरू करा. मग ‘आणि’, ‘आहे’, ‘नाही’ हे शब्द कुठेही आले तरी त्यांच्या टाइल हुबेहूब त्याच राहतात आणि जीबीडीकेतलं चित्रांच्या टाइल बनवणारं टूल पीएनजी-टू-अ‍ॅसेट त्या एकदाच ठेवतं. शब्दांमधली जागा त्यामुळे कमी-जास्त होते, तीन पिक्सेलपासून दहापर्यंत. रोमनमध्ये हे डोळ्याला खुपलं असतं. आपल्याकडे शिरोरेघ तुटली की शब्द संपला, त्यामुळे वाचताना अडत नाही. संवाद उमटवतानाही टाइलटाइलने न उमटवता शब्दाशब्दाने उमटवा, नाहीतर ‘क्ष’ अर्धाच दिसून थांबतो. आणि त्या टूलला ‘नो-फ्लिप’ सांगायला विसरू नका. मूळ गेम बॉयची पार्श्वभूमी टाइल उलटी करू शकत नाही. न सांगितल्यास काही अक्षरांचे तुकडे आरशातले आल्यासारखे दिसतात.

एमुलेटरवर सगळं छान आणि खऱ्या यंत्रावर अक्षरांना भोकं, असं झालं तर दोष बहुधा व्हीरॅममध्ये (पडद्याच्या मेमरीत) लिहिण्याच्या वेळेचा असतो. पडद्याची रांग काढणं चालू असताना व्हीरॅममध्ये लिहिलेले बाइट यंत्र सरळ टाकून देतं. जुने सैल एमुलेटर ते स्वीकारतात, म्हणून चूक कळत नाही. जीबीडीकेची स्वतःची फंक्शन प्रत्येक बाइटला थांबून बघतात, त्यामुळे सुरक्षित आहेत पण संथ. स्वतः पॉइंटरने लिहायचं असेल तर व्हीब्लँकचा, म्हणजे दोन फ्रेममधल्या विश्रांतीचा, सुमारे १.१ मिलिसेकंदांचा वेळ मिळतो, त्यात मावेल एवढंच एका फ्रेममध्ये लिहा. पूर्ण पडदा बदलायचा तर डिस्प्ले बंद करून बदला, पण जीबीडीकेच्या फंक्शननेच. ते व्हीब्लँकची वाट बघतं. भलत्या क्षणी पडदा बंद केला तर मूळ यंत्राच्या एलसीडीला इजा होऊ शकते. तपासणीसाठी सेमबॉय किंवा एम्युलिशस हा एमुलेटर वापरा, दोन्ही याबाबतीत कडक आहेत.

असेंब्लीत लिहिणाऱ्यांनी शेवटी आरजीबीफिक्स हे हेडर (गेम फाइलच्या सुरुवातीची माहिती) दुरुस्त करणारं टूल चालवायचंच. हेडरचा चेकसम (पडताळणीची बेरीज) चुकला की खरं यंत्र लोगोपाशीच अडकतं. बूट रॉम (यंत्र सुरू होताना चालणारा प्रोग्राम) वगळणारा एमुलेटर मात्र गेम बिनबोभाट सुरू करतो.

मियू मिनी प्लस किंवा आरजी३५एक्सएक्ससारख्या ६४० गुणिले ४८० पडद्याच्या नव्या हातातल्या यंत्रावर खेळणार असाल, तर रेट्रोआर्च या एमुलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये इंटिजर स्केल (फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू करा. तिप्पट केलं की चित्र ४८० गुणिले ४३२ चं होतं आणि चहूबाजूंनी काळी पट्टी राहते. ती राहू द्या. पूर्ण उंची भरायला गेलात तर प्रमाण ३.३३ येतं, मग शिरोरेघ एका ओळीत तीन पिक्सेल जाड आणि दुसऱ्या ओळीत चार. देवनागरीत हा फरक लगेच नजरेत भरतो.

नागपुरातल्या बर्डीवरून किंवा ऑनलाइन असं यंत्र घेतलंत तर सोबत आलेल्या मेमरी कार्डवर भरवसा ठेवू नका. नावाजलेल्या कंपनीचं कार्ड घ्या, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा आणि रॉम (गेमची फाइल) त्यावर ठेवा. आपल्या उन्हाळ्याचीही काळजी घ्या. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मेअखेरच्या नवतप्यात गाडीच्या डिकीतलं तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. यंत्र डिकीत ठेवू नका, चार्जिंग रात्री कूलर चालू असलेल्या खोलीत करा. पडद्याची कड मागून उचलल्यासारखी वाटली तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या.