डाव दादाचा

परवा माळा आवरताना 2008 ची वही सापडली. त्यात शेवटची नोंद अशी आहे: "टर्मरिक, 8 अक्षरं. मी 287, दादा 301. डाव दादाचा." त्याच्या खाली पान कोरं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, तेव्हा नुकताच न्यू जर्सीला गेलेला. आणि गेम म्हणजे फेसबुकवरचा स्क्रॅब्युलस. आता कॉलेजला असलेल्या पोरांना हे नाव माहीतही नसेल, पण त्या वर्षी रोज साधारण 5 लाख लोक तो खेळत होते. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या दोघा भावांनी बनवलेला, खेळ सगळा स्क्रॅबलचाच: 15 बाय 15 चा पट, हातात 7 अक्षरं, शब्दाला शब्द जोडायचा. पण गंमत अशी की दोघांनी एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नव्हती. मी सकाळी 7 ला सांगलीत विश्रामबागच्या नेट कॅफेत जाऊन चाल करायची, तेव्हा दादाकडं आदल्या रात्रीचे साडेनऊ, तो जेवून बसलेला असायचा, त्याची चाल यायची, मग मी क्लासला. फोन महाग होता, आणि रोज बोलायला असं काय असतं, पण चाल मात्र रोज यायची आणि मावशी रोज विचारायची, "आला का गं त्याचा शब्द?" शब्द आला म्हणजे पोरगं बरं आहे, एवढं तिला पुरायचं.

मी चाली वहीत लिहायचे ती सवय बुद्धिबळाची. सांगलीत वाढलेल्या पोराला ती लागतेच, भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळं आमच्या गावात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पट, घड्याळ आणि चाली लिहायचा कागद. इंग्रजीची मात्र मला भीती होती, आणि ती या गेमनं घालवली हे मी मनापासून सांगते. क्यूच्या पुढं यू लागतोच असं शाळेत शिकलेलं, आणि इथं क्यू-आय एवढाच शब्द चालतो, 10 गुणांचा क्यू दोन अक्षरांत खपतो! हे कळलं त्या दिवशी मी डिक्शनरी घेऊन बसले ती बसलेच.

तर तो टर्मरिक. पटावर दादाचा एक आर होता, माझ्याकडची सातही अक्षरं त्याला जोडली गेली, सात एकदम लावली की 50 गुण जादा मिळतात, आणि शब्द कुठला तर हळद! हळदीच्या गावात बसून मी हळद लावली म्हणून मला इतका आनंद झाला की घरी येऊन आईला आधी ते सांगितलं.

त्याचं उत्तर आलंच नाही. 29 जुलैला अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांसाठी गेम बंद झाला. माझ्याकडं उघडत होता, दादाकडं नाही. माझ्या स्क्रीनवर आपलं दिसतंय, समोरच्याचा डाव आहे.

कारण मला नंतर कळलं आणि तेच आज नीट लिहायचंय. स्क्रॅबलचे हक्क जगात एकाच कंपनीकडं नाहीत. अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रोकडं, बाकी जगात मॅटेलकडं. हॅस्ब्रोनं जुलैमध्ये न्यूयॉर्कला कोर्टात केस केली, ऑगस्टमध्ये मॅटेलच्या मागणीवरून भारत सोडून बाकी देशांतही बंद झाला, आणि मॅटेलची केस दिल्ली हायकोर्टात होती तिचा निकाल 17 सप्टेंबरला आला. तो निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. कोर्टानं म्हटलं की पटावर आणि नियमांवर कॉपीराइट सांगता येणार नाही, पण स्क्रॅब्युलस हे नाव स्क्रॅबलच्या ट्रेडमार्कला धक्का लावतं, ते वापरायचं नाही. मला हे पटतं. नाव त्यांचं आहे, लोकांच्या मनात ते नाव कंपन्यांनी कित्येक वर्षं घालून रुजवलंय, ते थोडं फिरवून घेणं बरोबर नव्हतंच. दोघा भावांनी मग नाव लेक्स्युलस केलं, अक्षरं 7 ची 8 केली, आणि डिसेंबरमध्ये हॅस्ब्रोनं केस मागं घेतली.

पण पटणं वेगळं आणि मनाला लागणं वेगळं. अधिकृत स्क्रॅबल फेसबुकवर आला तोही दोन तुकड्यांत, अमेरिका-कॅनडावाल्यांचा वेगळा, बाकीच्यांचा वेगळा, आणि एकातला माणूस दुसऱ्यातल्याशी खेळू शकत नव्हता. म्हणजे मी आणि दादा सगळे नियम पाळून खेळायचं म्हणलं तरी खेळू शकत नव्हतो! कागदावर हक्कांची वाटणी करताना कुणाचं मूल सातासमुद्रापार आहे हे कोण बघणार. बुद्धिबळाला मालक नाही, म्हणून सांगलीतला पोरगा जगात कुणाशीही खेळतो, मध्ये कुणी भिंत घालत नाही. शब्दांच्या खेळालाही तसं असावं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. आणि एक, मी आयुष्यात स्क्रॅबलची पेटी विकत घेतली ती या बंद पडलेल्या गेममुळं, त्याआधी मला तो खेळच माहीत नव्हता.

पेटी घेतली 2009 च्या डिसेंबरात, दादा पहिल्यांदा सुट्टीला आला तेव्हा. वहीवरून पट जसाच्या तसा मांडला, एकेक शब्द, पहिल्यापासून टर्मरिकपर्यंत. त्याच्या हातात तेव्हा कुठली अक्षरं होती ते त्यालाही आठवेना, मग पिशवीतून नवी 7 काढली. मावशी शेजारी भडंगाची परात घेऊन बसलेली, तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती पटाकडंच बघत होती.

दादानं खूप वेळ घेतला. मग हळदीच्या शेवटच्या सी खाली त्यानं ए, एम आणि ई लावलं.